आईंचं नाव लिहायचं राहिलं

हिल्सबरोच्या आमच्या घरातून खाडी दिसते. सकाळी धुकं उतरलं की खाडी, पलीकडचे डोंगर, शेजाऱ्यांचं कुंपण सगळं पुसलं जायचं आणि आमचं घर तेवढं कुठेतरी अधांतरी तरंगत राहायचं. नवरा गेल्यानंतरची दोन वर्षं मला अशीच आठवतात. ऑफिस, मुलांच्या शाळा, डबे, सगळं मीच केलं म्हणे. कसं केलं, देव जाणे.

घरात आम्ही चौघं: मी, मुलगा, मुलगी आणि सासूबाई. एकुलता एक मुलगा इथे परदेशात म्हणून त्या पुण्यातलं घर विकून आल्या होत्या. आमचं फार गुळपीठ होतं असं नाही हं. आमटीत गूळ किती, यावरून आम्ही दोघी दिवसभर अबोला धरू शकायचो.

२०१९च्या हिवाळ्यात वकीलबाईंचं पत्र आलं. इथे घर फॅमिली ट्रस्टच्या नावावर ठेवायची फार पद्धत. सगळे करतात म्हणून आम्हीही केलं होतं. कारभार बघणारे ट्रस्टी तिघं: नवरा, मी आणि वकीलबाई. आता आम्ही दोघीच उरलो होतो. नवा कायदा आलाय, ट्रस्ट ज्यांच्यासाठी आहे त्या प्रत्येकाला तसं कळवावं लागणार, तेव्हा सोबतची यादी तपासा, असं पत्रात होतं.

"काय म्हणतेय गं ती?" मेथी निवडता निवडता आईंनी विचारलं. मी आपली वाचत सुटले. त्यांच्या मुलाचं नाव, माझं, दोन्ही नातवंडांचं. यादी संपली. आईंचे हात जरासे थांबले. "बरं," म्हणाल्या आणि पुढची जुडी सोडली.

आईवडिलांची नावं घालायची का, असं वकीलबाईंनी ट्रस्ट करताना विचारलं होतं. नवरा हसला होता. "आई काय पाहुणी आहे, तिचं नाव लिहायला?" मीही मान डोलावली होती. लेखी द्यायचं ते परक्याला, घरच्याला कसलं लेखी! कपाळ आमचं. त्या शहाणपणापायी कागदावर आई या घराच्या कुणीच नव्हत्या.

दुसऱ्या दिवसापासून आई परवानगी मागायला लागल्या. "हीटर लावू का गं?" "जरा टीव्ही लावला तर चालेल?" आमटीत गूळ नव्हता, तरी मुकाट्यानं जेवल्या. धुक्यातून चालल्यासारख्या घरभर पाऊल न वाजवता फिरायच्या. चार दिवसांनी माझा संयम सुटला.

"आई, भांडा ना माझ्याशी!" मी ओरडलेच.

"भांडायला घर आपलं लागतं," त्या म्हणाल्या.

मला रडूच फुटलं. तशीच बाथरूममध्ये गेले आणि वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ट्रस्टच्या दस्तात, म्हणजे डीडमध्ये, कलम आहे, ट्रस्टींना लेखी बदल करता येतो, माणूस वाढवता येतो. दोघी ट्रस्टींच्या सह्या हव्यात, बस.

पुढच्या आठवड्यात मी आणि आई त्यांच्या ऑफिसात गेलो. आईंनी ठेवणीतली साडी नेसली होती, वर माझं जाडजूड जॅकेट. त्या गरम, शांत खोलीत वकीलबाई हळूहळू वाचत होत्या आणि मी मराठीत सांगत होते: हयात असेपर्यंत यांना या घरात राहण्याचा हक्क. ऐकताना माझेच शब्द मला फार लांबून आल्यासारखे वाटत होते.

"तिला विचार, हे पुन्हा बदलता येतं का?" आई म्हणाल्या.

"आई, मी कशाला बदलेन?"

"मी विचारलं ते विचार."

विचारलं. "येतं म्हणतायत. आमच्या दोघींच्या सह्यांनी."

"मग बरं झालं." त्यांनी माझा हात धरला. "तुझं वय काय गं. उद्या कुणी भेटलं, संसार मांडावासा वाटला, तर या म्हातारीपायी अडू नकोस. सरळ खोड माझं नाव. तेही लिहून घे म्हणावं."

वकीलबाई पेन उचलून थांबल्या होत्या. काय म्हणतायत, त्यांनी विचारलं.

मी डोळे पुसले आणि इंग्रजीत सांगितलं, "त्यांच्या सहीशिवाय त्यांचं नाव कुणालाही काढता येऊ नये, असं लिहा म्हणतायत."

त्यांनी ते लिहून घेतलं.

"नीट सांगितलंस ना?" आईंनी विचारलं.

"अगदी शब्दन् शब्द."