नैवेद्याआधीचं पंचामृत

मला शुगर नाही, हे मी इतक्या लोकांना इतक्या तोऱ्यात ऐकवलंय की आता आठवलं तरी लाज वाटते. शुगर माझ्या सासूबाईंना. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांच्या गोळ्या, त्यांचा फिका चहा, सगळं मीच बघायची आणि मनात म्हणायची, आपल्याला बरं, काही झंझट नाही.

राजारामपुरीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. नवरात्र ते दिवाळी मान वर करायला सवड नसते. त्यातच मी नऊ दिवसांचा कडक उपवास धरायची. पाणी आणि दोन वेळा कपभर दूध, बास. आत्यांनी कधी धर म्हणून सांगितलं नाही. उलट म्हणायच्या, "उठता-बसता धर की. पयला दिवस आन शेवटचा. देवी काय हजेरी घेतीया व्हय?" मी ऐकते कशाला! अख्ख्या बिल्डिंगमध्ये नऊ दिवस निभावणारी मी एकटी, आणि त्याचा मला माज होता. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी सहाव्या दिवशी सकाळपासूनच हात थरथरत होते. सुईत दोरा जाईना. एक गिऱ्हाईक बाही अर्धा इंच वाढवा म्हणाली, एवढ्यावरून मी अशी खेकसले की ती कापड उचलून चालती झाली. अंगाला गार घाम सुटला होता, ओठ बधिर झाले होते. पण राग आणि थरथर मला नवीन नव्हती. एरवीही अकराच्या सुमाराला पोटात काही नसलं की असं व्हायचं, आणि गोड चहा घेतला की सगळं शांत. घरात त्याला माझा स्वभाव म्हणायचे. मीही तेच म्हणायची.

संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये देवीची आरती होती. मी पुढेच मांडी घालून बसले. टाळ्या कुठूनतरी लांबून ऐकू यायला लागल्या. एका समईच्या दोन समया दिसायला लागल्या. मग अंग हलायला लागलं. मान डोलत होती आणि मला ती थांबवता येत नव्हती.

"आली गं बाई, आली," कुणीतरी म्हणालं.

कुणी माझ्या केसांची क्लिप काढली, कुणी कपाळभर कुंकवाचा मळवट भरला. मला एवढंच सांगायचं होतं की काहीतरी खायला द्या. जीभ टाळ्याला चिकटून बसली होती. तोंडातून नुसतं हूं हूं निघालं, आणि बायकांची खात्रीच पटली. पायाशी रांग लागली. एकीनं विचारलं, "आई, पोराच्या नोकरीचं कवा व्हईल?" मला दिसत कमी होतं, पण कळत सगळं होतं. मी मरणार हेही कळत होतं. बाया माझ्याच पाया पडतायत आणि त्यांच्या डोळ्यांदेखत माझा जीव जाणार, याची मला इतकी भीती वाटली की तसली भीती मी बाळंतपणातही अनुभवली नव्हती.

आत्या गुडघ्यांमुळे जिना सावकाश उतरतात, म्हणून उशिरा आल्या. बायकांनी त्यांना वाट दिली. त्या खाली वाकल्या, माझं पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि लवकर सोडलंच नाही. मग माझ्या मानेवरून हात फिरवला.

"देवी न्हाय ही," त्या म्हणाल्या. "साखर उतरलीया हिची."

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पुढे झाल्या. "शुगर तुम्हाला हाय. तिला कुठली आलीया? सहा दिवस कडक उपास केलाय तिनं, देवी येणारच की."

आत्यांनी देवीपुढची पंचामृताची वाटी उचलली.

"अवो, नैवेद्य दावायचाय अजून!"

"तुमच्या मतानं हीच देवी न्हवं? मग दावला की."

"उपास मोडंल तिचा."

"मोडू दे. सून माझी हाय."

त्यांनी चमचा ओठांना लावला. पहिला अर्धा हनुवटीवरून ओघळला. दुसरा गिळला. "गिळ. आजून गिळ," एवढंच त्या म्हणत होत्या. बायका मागे सरकून स्कूटरना टेकल्या होत्या. मला वाटतं दहा मिनिटं गेली असतील. मग दोन समयांची हळूहळू एक झाली.

तिथून रिक्षानं पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे. एवढं पंचामृत पोटात जाऊनही मशीनवर बावन्न आकडा आला. डॉक्टर तडकले. "मधुमेह नाही म्हणून साखर उतरतच नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला? उपाशीपोटी एवढी उतरते म्हणजे कारण शोधायला पाहिजे. थरथर, घाम, चिडचिड, आधी कधी झालंय?"

"रोज अकरा वाजता," आत्या मध्येच म्हणाल्या. एरवी मी त्यांना फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी गप्प बसले.

सलाईन लावलं. आत्या स्टुलावर माझ्या पायाशी बसल्या. जरा बरं वाटल्यावर मी चेष्टेनं म्हटलं, "आत्या, माझ्या पाया पडलात ना? आशीर्वाद घ्यायचा राहिला की."

त्या हसल्या नाहीत. बराच वेळ माझ्या पायावरची चादर सारखी करत राहिल्या.

"माझी थोरली भन दिली हुती कुरुंदवाडला," त्या म्हणाल्या. "दर नवरात्रात तिच्या अंगात यायचं. शुगरबिगर काय न्हवती तिला. आख्खी गल्ली ओट्या भरायची. एका साली अशीच बसली ती उठलीच न्हाय. देवीनं नेली म्हनाले समदे. मीबी म्हनलो."

मी सलाईनचा हात सावरत उठून बसले.

"मगाशी तुझा पाय हातात घेतला आन तिचाच वाटला बघ. असाच गार, असाच भिजल्याला. त्येच्यावर डोस्कं ठेवून बसलोतो मी, तिचा जीव जाईस्तवर."