जिताड्याची जागा आणि भाच्याचं घड्याळ

निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, तरी करावे गावची ती दुपार मनातून जात नाही. मी तेव्हा पोलीस ठाण्यात हवालदार होते.

गावातली एक म्हातारी मामी आली. पहाटे होडी घेऊन गेलेला नवरा परतला नव्हता आणि मोबाइल घरीच राहिला होता. ठाणे अंमलदार मिसिंगची नोंद घेत असतानाच खबर आली. आदल्या संध्याकाळी म्हाताऱ्याचं भाच्याशी जेट्टीवर कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि आता तो भाचा होडीचा दोर सोडून निघायच्या बेतात होता. आम्ही त्याला जेट्टीवरूनच आणलं.

उपनिरीक्षक साहेबांनी विचारलं, "काल मासे कुठं धरलेस?"

"इथंच, जेट्टीजवल."

त्याच्या मनगटावर स्मार्टवॉच होतं. त्यातली चिप उपग्रहांवरून माणूस कुठं फिरला ते टिपते. साहेबांनी त्याला घड्याळाशी जोडलेला मोबाइल उघडायला लावला. नकाशावर त्याच्या कालच्या वाटेची निळी रेघ जेट्टीपासून लांब, खारफुटीत शिरली होती.

"खोटं बोलतोस. मामाचं काय केलंस?"

"काय नाय केला, साहेब. मना एकट्याला सोडा, मी आनतो त्याला."

"एकट्याला सोडू? मी काय आजच भरती झालोय?"

त्यानंतर तो बोलेचना. तिकडे खाडीचं पाणी चढायला लागलं होतं.

साहेबांसमोर बोलायचा मला संकोच वाटायचा. मी बाहेर बाकावर मामीजवळ जाऊन बसले. "भांडण कशावरून झालं, मामी?"

"त्या घड्यालावरून. हे त्याला बोलले, काढ ते, आपली जागा टिपून ठेवतंय. जिताड्याची जागा हाय बाई, मोठा मासा गावतो तिथं, यांच्या बापानं दाखवलेली. कोनाला सांगत नाय. मना पन म्हाईत नाय."

मग उलगडलं. म्हातारा रागानं तिथंच एकटा गेला असणार, आणि जागा उघडी पडू नये म्हणून भाचा गप्प बसला होता.

मी आत जाऊन त्याला म्हटलं, "दादा, रेघ आम्ही बघितलीच आहे. पण खारफुटीतल्या त्या चिंचोळ्या फाट्यातून होडी तुलाच नेता येईल. जागा कागदावर येणार नाही." साहेबांनीही होकारार्थी मान हलवली.

तो उठला. "मामाला सांगू नका, मी दाखवली म्हनून."

म्हातारा गाळात रुतला होता. खारफुटीची फांदी धरून कसाबसा तग धरून होता, आणि पाणी छातीला लागलं होतं. ओढून होडीत घेतला तर भाच्यावरच डाफरला, "पोलीसबाईला आनलीस? आता सगला गाव आन."

"मामा, मला इथली दिशासुद्धा कळली नाही," मी म्हटलं.

"मंग बरा हाय."

साहेबांनी स्टेशन डायरीत 'खाडीपात्रात सुखरूप मिळून आला' एवढंच लिहिलं. त्याआधी मला वाटायचं, खोटं बोलणारा गुन्हाच लपवत असतो. नंतर मात्र जबाब घेताना मी आधी बघायचे की समोरचा काय जपतोय.

पुढं एकदा मामी जिताड्याचं कालवण घेऊन ठाण्यात आली. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं. मासा कुठं मिळाला, हे कुणीच विचारलं नाही.