सात काकडं

बाजारात शेवळांच्या टोपलीपुढे उभी राहून एक मुलगी फोनला विचारत होती, "शेवळांच्या भाजीत काकडं किती घालायची?" शेवळं घशाला खाजतात, म्हणून काकडं ही आंबट फळं त्यांत घालावीच लागतात. फोन गोड आवाजात, जराही न अडखळता म्हणाला, "एका जुडीला सात."

मी जागीच थबकले. हे सात आमच्या घरचे. आई माणशी एक काकड घालायची आणि आम्ही घरात सात जण होतो, असं माझ्या ताईने फार पूर्वी इंटरनेटवर लिहिलं होतं. त्याखाली बायका तिच्याशी हक्काने भांडायच्या, आपापल्या आयांची मापं सांगायच्या. आता तिथे कुणी फिरकत नाही. उत्तर बाहेरच्या बाहेर मिळतं. ताईने लिहिणंच सोडलं. "कुणासाठी लिहू? यंत्राला चारायला?" म्हणाली.

पुढे हेच होणार. उत्तरं ढीगभर असतील, पण ती कुणाच्या घरची हे विचारायचंही कुणाला सुचणार नाही. आणि सांगणारे सगळे गप्प झाले की हे यंत्र आमचंच उष्टं पुन्हा पुन्हा गरम करून ताजं म्हणून वाढत बसेल.

"घरात किती माणसं?" भाजीवालीने मुलीला विचारलं.

"दोघंच."

"मग सात कशाला गं? आंबट होईल नुसती. दोन घे."

"नाही मावशी, फोन सात सांगतोय."

तिने मोजून सात काकडं पिशवीत टाकली. त्यातलं एक माझं होतं.