चुडा सैलच होता

"माहा पोरगा जिता हाये! चुडा कायले कापता?"

घाटंजीच्या दवाखान्यात म्हातारी माझ्या टेबलावर हात आपटत होती. शेजारी तिचा पोरगा हरसिंग, हातात सोनाराकडून मागून आणलेली बारीक करवत. बाकावर त्याची बायको जमना डावा दंड दाबून बसलेली. वय चाळिशीचं. त्यांच्या तांड्यातल्या लग्न झालेल्या बाया कोपरापासून खांद्यापर्यंत पांढरा चुडा घालत. तो उतरायचा नवरा गेल्यावरच.

"चुडा घट्ट झाला बाई, हात दुखून राह्यला," हरसिंग म्हणाला. "माही याडी, माय, कापू देत नाही. तुमी सांगा तिले."

साठ सालानंतरची गोष्ट. तिथे डॉक्टर मी एकटीच. हुकूम सोडायची सवय मला तेव्हापासूनची. "करवत खाली ठेवा," म्हटलं आणि चुड्याखाली बोट घातलं. ते आरामात फिरलं. हाताला सूजही नव्हती.

"जमना, दुखतं कधी?"

"नाल्यावरून हंडे घेऊन चढ चढली का. जबड्यातबी कळ येते."

"जाते कधी?"

"खाली टेकली का जाते."

"आणि आता?"

"स्टँडवरून चढून आली ना. हाये थोडी."

घट्ट चुड्याला चढ आणि उतार सारखाच. हृदयाचं तसं नाही. त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या, की चढावर त्याला रक्त कमी पडतं आणि कळ येते. ती छातीतच येते असं नाही. हात, जबडा, पाठ, कुठेही येते. याला अँजायना म्हणतात. मी नायट्रोग्लिसरीनची गोळी तिच्या जिभेखाली ठेवली. थोड्या वेळाने तिने दंड सोडला.

"मंतर घातला का वो?" म्हातारीने विचारलं.

चुड्यामुळे ब्लडप्रेशरचा पट्टा दंडाला बसेना. मांडीला बांधला. प्रेशर चांगलंच वाढलेलं होतं. मी यवतमाळला सिव्हिल सर्जन साहेबांना फोन लावला. पेशंट नागपूरला पाठवायचा तर त्यांची चिठ्ठी लागे.

"बाईमाणसाला अँजायना? हिस्टेरिया असेल."

"हिस्टेरिया चढावर येतो आणि बसल्यावर जातो का, साहेब?"

पलीकडे चिठ्ठ्यांचं पुस्तक उघडल्याचा आवाज आला. मग, "पाठवा."

नागपूरच्या ईसीजीत माझंच म्हणणं खरं निघालं. मला नवल वाटलं नाही, आनंद मात्र फार झाला. परत आल्यावर मी नेम घालून दिला. औषध चुकवायचं नाही, मीठ कमी, तंबाखू बंद, हंडे बंद.

हरसिंग चपापला. "मंग पानी कोन आनन?"

"तुम्ही."

"मानसानं पानी आनलं तर तांडा हासन बाई!"

"हसू द्या. ही गेली तर तोच तांडा रडायला येईल, पाणी आणायला नाही."

त्याने कावड केली. तांडा पोट धरधरून हसला, आणि मग कंटाळून हसायचा थांबला.

माझी बदली झाली तेव्हा जमना निरोप द्यायला आली. चढावर मध्ये थांबत, सावकाश, पण स्वतःच्या पायांनी. चुडा जागच्या जागी. सासू मागोमाग. "पाहा, म्या कापू नाही देल्ला," ती ऐटीत म्हणाली.

तिचं खरंच होतं. त्या दिवशी चुडा कापला असता तर जमना घटकाभर बाकावर बसली असती, कळ आपोआप गेली असती, आणि सगळ्यांनी करवतीचे गुण गायले असते. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा हंडे घेऊन नाल्यावर.

म्हणून हात दुखतो म्हणणाऱ्या बाईला मी आजही आधी विचारते, घरात पाणी कोण आणतं?