मागं कोण बसते?

मिस्त्री गाडी समोरून पाहत नसत. नवी असो की जुनी, ते तिच्या तोंडाला वळसा घालून मागच्या चाकांपाशी जात, गोणपाट अंथरत आणि पाठीवर सरकत खाली शिरत. मालक तोवर बोनेटवर हात फिरवत, दिवे लावून दाखवत उभा असे. खालून आवाज येई, "तोंड तं सगळ्यायचंच धुतलेलं राह्यते, भाऊ. ते दिवे बंद कर, बॅटरी जाईन."

आर्वीत गाडी घेणारा माणूस शोरूमआधी मिस्त्रींकडे जात असे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी बसस्थानकामागे टिनाचं शेड टाकलं होतं. पाटी नव्हती. अंगात खाकी पँट आणि घरचा सदरा, असा त्यांचा वेश शेवटपर्यंत राहिला. मागच्या पावसाळ्यात ते गेले. शेडला आता कुलूप आहे.

किंमत किती, मायलेज किती, हे ते विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "मागं कोण बसते?" बहुतेकांना या प्रश्नाचं उत्तर लगेच देता येत नसे, कारण गाडी घेणारा स्वतः समोर बसणारा असतो. मिस्त्रींचं म्हणणं होतं की समोरची सीट सगळ्याच कंपन्या चांगली करतात. "समोरचा भांडते. मागचा चूप राह्यते." नव्यानेच सरपंच झालेला एक तरुण मोठी गाडी ठरवून त्यांच्याकडे आला होता. प्रश्न विचारल्यावर तो ऐटीत म्हणाला, "कार्यकर्ते बसतीन." मिस्त्रींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मंग कोणतीबी घे. कार्यकर्त्याले गड्डे लागत नाईत."

त्यांच्याकडे एक पितळी गडवा होता. तांब्याला आमच्याकडे गडवा म्हणतात. पसंतीची गाडी ते स्वतः चालवून पाहत आणि मागच्या सीटवर, जो रोज मागे बसणार आहे त्यालाच बसवत. दुसरं कोणी मागे बसलेलं त्यांना चालत नसे; वजन बदललं की गाडीची चाल बदलते. बसणाऱ्याच्या दोन पायांमध्ये, खाली, काठोकाठ भरलेला गडवा ठेवायचा. आंजीच्या रस्त्याला लागून एक उखडलेला फाटा आहे. तिथून एका पारापर्यंत जायचं आणि परत यायचं. शेडवर आल्यावर मिस्त्री गडव्यात बोट आडवं धरत आणि पाणी काठापासून किती बोटं उतरलं ते मोजत. एक बोट उतरलं तर गाडी उत्तम, दोन म्हणजे बरी. चार बोटं उतरली की ते मालकाच्या तोंडाकडे न पाहता गडवा रिकामा करत.

निघण्याआधी ते समोरचा आरसा छताकडे वळवून ठेवत. मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, "मागच्याले समजलं का आपल्याले कोणी पाहून राह्यलं, तं तो तोंड नीट करते. मंग मले काय समजीन?"

आमच्या घरी ही वेळ आली ती आईमुळे. आईचा आजार पाठीच्या मणक्यात उतरला होता. दर तीन आठवड्यांनी तिला नागपूरला न्यावं लागे. घरची लहान गाडी प्रत्येक खड्ड्याला जमिनीवर आपटत होती आणि डॉक्टरांनी हिसके टाळा, एवढंच सांगितलं होतं. दादानं मोठी गाडी घ्यायचं ठरवलं. दोन गाड्या त्याच्या मनात होत्या. दोन्ही एकाच घराण्याच्या. इंजिन तेच, सांगाडा तोच. एकीवर सगळ्यांना माहीत असलेलं साधं चिन्ह, दुसरीवर महागडं. दुसरीत कातडी सीटा होत्या, लाकडाची पट्टी होती आणि मागे स्प्रिंगांच्या जागी हवेचे फुगे होते. तिची किंमत जवळपास दुप्पट होती.

दादाला महागडी हवी होती. त्यासाठी तळेगावच्या रस्त्यावरचा प्लॉट विकावा लागणार होता. तो प्लॉट आईच्या नावावर होता आणि आईनं तो माझ्यासाठी ठेवला होता. मी नागपूरच्या एका वर्तमानपत्रात काम करते, एकटी राहते. माझं पुढं काय, हा विषय आईनं माझ्यासमोर कधी काढला नाही. तिनं फक्त प्लॉट विकू दिला नव्हता. त्या वेळी मी विका म्हणाले. दादाही विकू म्हणाला. आई म्हणाली, "मिस्त्री काय म्हणतेत ते पाहू."

मंगळवारी महागडी गाडी शोरूमच्या माणसासह आर्वीला आली. मिस्त्री नेहमीप्रमाणे खाली शिरले. बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते. शोरूमचा तरुण दादाला सांगत होता, "सर, बेस एकच आहे, पण फील वेगळा आहे. एकदा बसले की उतरावंसं वाटत नाही." खालून मिस्त्री म्हणाले, "उतरा तं लागीनच, बाप्पा. दवाखान्यात जा लागते त्यायले." मग आईला मागे डावीकडे बसवलं, पायांमध्ये गडवा ठेवला, आरसा वर गेला. गाडी परत आली तेव्हा पाणी एक बोट उतरलं होतं.

गुरुवारी साधी गाडी आली. तोच फाटा, तोच पार, तेच पाणी. पाणी एक बोट उतरलं होतं.

मिस्त्रींनी बोट बाहेर काढलं, पुसलं आणि पुन्हा धरलं. एकच बोट. "मंग त्या हवेचा काय उपयोग झाला?" ते स्वतःशीच म्हणाले. निकाल ते आधी मागे बसणाऱ्याला सांगत, गाडीच्या मालकाला नंतर. ते आईकडे वळले. "काकू, गडव्याच्या हिशोबानं दोन्ही एकच हायेत. तुमाले कशी लागली?"

"मलेबी सारख्याच लागल्या," आई म्हणाली. "लहान घरची घ्या."

लहान घरची म्हणजे साधी. मिस्त्री मला पेपरवाले म्हणत. ते म्हणाले, "काय पेपरवाले, लिहून घेतलं का?" मी घेतलं होतं. माझ्या वहीत दोन ओळी आहेत: मंगळवार, एक बोट. गुरुवार, एक बोट. दोन्ही वेळा मी शेडपाशी उभी होते. गाडीत काय झालं ते मी पाहिलं नव्हतं.

साधी गाडी घरी आली. प्लॉट राहिला. आई नागपूरला जाऊ लागली. मी कामामुळे तिला थेट दवाखान्यात भेटत असे. ती उतरताना घामाघूम असायची. दादा म्हणायचा, एसी लावला होता. त्यापुढे आम्ही दोघांनीही काही विचारलं नाही.

पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी मिस्त्रींकडे गेली. त्यांनी मागचं डावं दार उघडलं आणि वरच्या धरायच्या कडीला सहज हात लावला. कडी हलत होती. नव्या गाडीची कडी चौथ्या महिन्यात सैल होत नाही. त्यांनी उजवीकडची पाहिली. ती घट्ट होती. दादा सांगतो की त्यानंतर मिस्त्रींनी अर्धा तास कुठल्याही पान्याला हात लावला नाही.

रविवारी ते आमच्या घरी आले. मी त्या दिवशी आर्वीत होते, दादाही घरी होता. आई पलंगावर होती. ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले. चहा दिला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

"काकू, एक सांगा. गुरुवारी गडवा खाली होता का मांडीवर?"

आईनं पंख्याकडे पाहिलं. "मांडीवर."

"काऊन?"

"सांडून राह्यलं होतं ना. हातात घेतलं."

"अजी, सांडाले तं ठेवला होता तो!"

"मले सांडू देता येत नाई, मिस्त्री. माहेरची विहीर पार नाल्याच्या पल्याड होती. पाण्याचे दोन गुंड डोक्यावर, एक कमरेवर, अन् वाट सगळी गोट्यायची. एक थेंब सांडला तं माय बोले. तेव्हाची सवय हाय."

"तुमी मले फसवलं, काकू."

"तुमाले नाई बाप्पा. गडव्याले."

ती हसली. आम्ही तिघं हसलो नाही. मी इथे एक गोष्ट नोंदवते. मंगळवारी, महागड्या गाडीत, आईनं पाणी सांडू दिलं होतं. गुरुवारी तेवढंच सांडायला हवं, हे तिला माहीत होतं.

मिस्त्रींची चूक एवढीच होती की डोक्यावरून पाणी वाहिलेल्या बाईच्या पायाशी त्यांनी पाणी ठेवलं होतं, आणि आरसा वर केला होता. ही चूक त्यांनी कुणावर ढकलली नाही. दादा गाडी बदलायला निघाला. आईनं प्लॉटच्या कागदावर सही करायला नकार दिला. सहीशिवाय विषय तिथेच थांबला.

मग मिस्त्रींनी आपल्या परीनं जे करता आलं ते केलं. त्यांनी चाकांतली हवा कमी केली. गादीवाल्याकडून जुना कापूस पिंजून मागच्या सीटच्या मापाची गादी भरून घेतली. कडी घट्ट केली आणि तिला मऊ फडकं गुंडाळलं. आणि त्यानंतरच्या प्रत्येक खेपेला गाडी त्यांनीच चालवली. तेवढ्या दिवशी शेड बंद राही. आरसा ते खाली ठेवत, आईचा चेहरा दिसेल असा. दोन वेळा मी त्यांच्याबरोबर परत आले. आर्वी ते तळेगाव आणि पुढे नागपूरपर्यंतचा रस्ता त्यांना पाठ होता. खड्डा येण्याआधी ते पुढे पाहतच म्हणत, "काकू, गड्डा." आई कडी धरी. गाडी हळूच उतरे आणि चढे. "झाला," ते म्हणत. आई कडी सोडी. याव्यतिरिक्त त्या प्रवासात फारसं बोलणं होत नसे.

आई उन्हाळ्याआधी वारली, नागपूरच्या दवाखान्यात. तिला दवाखान्याच्या गाडीतून आणलं. दादा त्या गाडीत होता. मागून आमची गाडी मिस्त्री चालवत होते आणि मी त्यांच्या शेजारी बसले होते. मागची सीट रिकामी होती, गादी तशीच होती. तळेगाव सोडल्यावर एका ठिकाणी त्यांनी वेग कमी केला आणि म्हणाले, "काकू, गड्डा." पुढच्या खड्ड्यालाही वेग तेवढाच कमी झाला. मला त्या वेळी काही वाटल्याचं आठवत नाही. रस्त्यावर तुरीच्या काड्या भरलेला एक ट्रॅक्टर होता, तो आठवतो.

वर्षभरानं दादानं गाडी विकायला काढली. आंजीचा एक शेतकरी ती पाहायला आला. तो येताना बायकोला घेऊन आला होता आणि आर्वीतल्या सगळ्यांसारखा आधी मिस्त्रींकडे गेला. दादा आणि मीही गेलो. प्रश्न तोच झाला. मागं कोण बसते?

"पोरं. शाळेत सोडा लागते. अन् हे," त्यानं बायकोकडे बोट केलं.

मिस्त्रींनी गडवा भरला, बाईच्या पायांमध्ये ठेवला आणि म्हणाले, "ताई, हाताची घडी घाला. शाळेतल्या पोरीवानी. गाडी थांबेपर्यंत सोडाची नाई."

"अन् पाणी सांडलं तं?"

"सांडू द्या. त्याच्यासाठीच हाय ते."

हा नियम आधी नव्हता. दादानं माझ्याकडे पाहिलं. मिस्त्रींनी आरशाला हात लावला. वर केला नाही. बाईचे हात दिसतील एवढा तिरका केला.

गाडी फाट्यावरून परत आली. बाईच्या साडीचा काठ ओला झाला होता आणि हातांची घडी अजून तशीच होती. मिस्त्रींनी गडवा टेबलावर ठेवला, बोटं आडवी धरली. एक, दोन, तीन, आणि चौथं अर्धं. गाडी आता दीड वर्ष जुनी होती, तेव्हा नवी होती. हा आकडा त्या गुरुवारचा नाही, हे मला समजत होतं. पण स्प्रिंगा त्याच होत्या आणि रस्ताही तोच होता.

"साडेतीन," ते शेतकऱ्याच्या बायकोला म्हणाले. "ताई, पोरं हायेत तोवर चालते. पोरायले हिसके लागत नाईत, ते तं हसतेत. पण घरात कोणी दुखणाईत असन, तं हे घेऊ नका."

"कोणी नाई," ती म्हणाली.

"मंग घ्या."

त्यांनी गाडी घेतली. मिस्त्रींनी गडवा दारात नेऊन उरलेलं पाणी ओतलं, फडक्यानं आतून पुसला आणि खिळ्याला अडकवला. मग माझ्याकडे वळले.

"पेपरवाले, ते जुनी वही हाय ना तुह्यापाशी?"

"आहे."

"गुरुवारच्या ओळीत चूक हाय. सुधरून घेजो."

आमच्या वर्तमानपत्रात चुकीची दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, आतल्या पानावर, लहान अक्षरांत छापतात. मी त्या संध्याकाळी वही काढली. गुरुवारसमोरचं "एक" खोडलं आणि बाजूला "साडेतीन" लिहिलं. मंगळवारची ओळ बरोबर होती. तिला हात लावला नाही.