बापूसाहेब, हात वर करा

न्हावऱ्याच्या स्टँडसमोर अयुब मिस्त्रींचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि पंचक्रोशीत त्यांच्या कानांचा बोलबाला होता. गाडी वळून आत यायच्या आधीच मिस्त्री ओरडायचे, "प्लग काळा पडलाय!" नाहीतर, "पेट्रोलात कचरा हाय, कार्बोरेटर तुंबलाय!" आणि नेमकं तेच निघायचं. निमोण्याचे लोक शिरूरची चार गॅरेजं सोडून इथं यायचे.

पण उसाच्या ट्रकांची फाटकी सायलेन्सरं जन्मभर ऐकल्यावर कान किती साथ देणार? सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास ते गेलेच. माणसाचं बोलणं ओठ बघून कळायचं. इंजिनाला कुठले ओठ? बॉनेटवर हात ठेवला तर थरथर लागायची, पण जुनं इंजिन धडधाकट असलं तरी थरथरतंच. ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला, जन्नतबीला ठाऊक. बाकी झाकली मूठ सव्वा लाखाची. गाडी आली की मिस्त्री प्लग घासायचे, कार्बोरेटर धुवायचे, एअर फिल्टर झटकायचे. सरसकट सगळं केल्यावर कशानं तरी गुण यायचा. एखादी गाडी तशीच परत गेली तर बोभाटा होईल आणि गॅरेजला कुलूप लागेल, या धास्तीनं त्यांना घास गोड लागत नव्हता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बापूसाहेब आले. शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सोसायटीचे चेअरमन. आवाज असा की सभेला स्पीकर नको, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. झेंडूची माळ घातलेली त्यांची ॲम्बेसेडर उचक्या देत दारात थांबली. लेकीची, अपेक्षाची सुपारी फोडायला त्यांना दौंडला जायचं होतं.

"अयुब, मिसिंग मारतीय रं. काल तर झकास पळत हुती. पाव्हणं वाट बघत्याती."

मिस्त्रींनी नेहमीचं सगळं केलं. प्लग, कार्बोरेटर, फिल्टर. मग गाडी चालू करून बॉनेटवर हात ठेवला आणि फडक्याला बोटं पुसत म्हणाले, "झालं, बापूसाहेब. आता बिनघोर जावा."

बापूसाहेब जागचे हलले नाहीत. इंजिन पहिल्यासारखंच अडखळत होतं आणि मिस्त्री समाधानानं हसत होते.

"अयुब, ह्ये झालं?"

त्यांच्या तोंडाकडे बघून मिस्त्रींनी फडकं खाली ठेवलं. आता लपवायचं ते काय आणि कुणापासून! "बापूसाहेब, मला ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "लई दिस झालं. पोटासाठी झाकून ठेवलं."

बापूसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. आता हा माणूस सगळं स्टँड गोळा करणार, असं मिस्त्रींना वाटलं. बापूसाहेबांनी टोपी काढून टपावर ठेवली, सुपारीसाठी घातलेल्या कडक इस्त्रीच्या बाह्या मागे सारल्या आणि मिस्त्रींच्या समोर येऊन एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "माझं कान धड हायेत. काय ऐकू, सांग."

"मी एकेका प्लगची वायर काढतो. इंजिनाचा आवाज आणखी बसला तर हात वर करा. फरक पडला न्हाई, तर दुखणं तिथंच."

पहिली वायर काढली, चेअरमनांचा हात वर गेला. दुसरीला नाही. तिसरीला पुन्हा वर, चौथीला नाही. मिस्त्रींनी इंजिन बंद करून त्या दोन वायरी जिथून निघतात ते डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. आत पाणी, आणि पाण्यात कुंकू!

"काल पूजा कुणी केली?"

"आमच्या मंडळींनी," बापूसाहेब म्हणाले आणि कपाळाला हात लावला. तुळजाबाईंनी बॉनेट उघडून इंजिनावर अख्खा तांब्या ओतला होता. देव कुठं नुसता वरून धुतात का, असं त्यांचं म्हणणं!

झाकण कोरडं पुसलं, उन्हात तापवलं, परत बसवलं. गाडी चालू झाली आणि बापूसाहेबांनी दोन्ही हात वर केले. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. बापूसाहेबांच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळपर्यंत दौंडपासून शिरूरपर्यंत बातमी होणार, हे ठरलेलं. त्या दिवशी मिस्त्रींनी घास घेतला नाही; जन्नतबीनं भाकरी वाढली तशीच उचलून ठेवली.

आठवड्यानं निमोण्याचा रखमाजी जीप घेऊन आला. एरवी गाडी लावली की हा गडी समोरच्या टपरीवर चहाला पळायचा. आज मात्र बॉनेटपाशी येऊन उभा राहिला.

मिस्त्री म्हणाले, "जा की चहाला."

"न्हाई मामा." रखमाजी अगदी तोंडासमोर येऊन बोलला. "बापूसाहेबांनी ताकीद दिलीया. अयुबकडं गाडी न्यायची तर तिथंच थांबायचं, तोंडासमोर उभं राहून बोलायचं, आन् तो इचारंल त्ये सांगायचं. मिस्त्रीला येकट्याला सोडून चहा ढोसणाऱ्यानं माझ्याकडं कर्ज मागाया येऊ नये, म्हणलं."

"का थांबायचं, त्ये न्हाई सांगितलं?"

"मी इचारलं. तर माझ्यावरच वराडलं."

मिस्त्रींचे डोळे भरून आले. त्या तापट माणसानं त्यांची मूठ झाकलेलीच ठेवली होती. त्यांनी अल्लाचं नाव घेतलं, नाक फडक्यानं पुसलं, त्यामुळे ते आणखीच काळं झालं, आणि रखमाजीला म्हणाले, "हितं उभा राहा, बाबा. आता नीट ऐक."