कापसाच्या काट्यावरचं प्रकरण

आमच्या पुस्तकावर दोघांची नावं आहेत. ह्यांचं वर, माझं खाली. असं का, म्हणून विचारलं तर म्हणाले, मी वयानं मोठा. मी म्हटलं, वजनानं मी मोठी होते आणि पुस्तक वजनाचंच आहे. पण छापखान्यात हे एकटेच जाऊन आले, त्यामुळे व्हायचं ते झालं. असो. दिग्रसमध्ये नवरा-बायकोनं मिळून लिहिलेलं दुसरं पुस्तक कोणाला माहीत असेल तर त्यानं मला आणून दाखवावं.

हे शाळेत मराठी शिकवतात, मी पंचायत समितीत लिपिक आहे. दोघंही अंगानं भरलेले, त्यात मी जास्तच. ऑफिसातल्या हातवाल्या खुर्चीत मी मावत नसे. खुर्चीनं पाठ दुखते असं सांगून मी स्टुलावर बसून काम करायची. ह्यांना साखरेचा त्रास, मला गुडघ्यांचा, आणि आमच्या दोघांच्या घोरण्याचा त्रास सासूबाईंना. शेवटी आम्ही नागपूरला जाऊन पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. आधी माझं झालं, मी हिंडू-फिरू लागल्यावर ह्यांचं.

बारीक झालो तसे लोक घरी यायला लागले. पुसदहून, यवतमाळहून, एसटीनं. पोट कापतात म्हणजे नेमकं काय करतात, मग भूक लागते का, केस जातात का, पुन्हा वजन वाढतं का? तेच ते सांगून माझं तोंड दुखायला लागलं. एक दिवस मीच म्हटलं, सगळं लिहूनच काढू. हे तर जणू त्याचीच वाट पाहत होते.

पद्धत अशी ठरली की एका प्रसंगावर दोघांनी आपापलं लिहायचं आणि संध्याकाळी चहा झाला की एकमेकांना वाचून दाखवायचं. सासूबाई भाजी निवडत ऐकायच्या. मग भांडण. हे माझे कागद शाळेच्या सवयीनं तपासायचे. मी लिहायची 'भूक मेली', हे करायचे 'क्षुधा मंदावली'. मी म्हटलं, क्षुधा तुमच्या शाळेत लागत असेल, मला भूकच लागत होती. माझं वाक्य तसंच राहिलं.

एका प्रकरणावर मात्र आमचं लगेच एकमत झालं. आम्ही सुखरूप परत आलो की मारुतीपुढे रोडगे करीन, असा सासूबाईंनी नवस बोलला होता. तो फेडला तेव्हा नातेवाईक, शेजारीपाजारी सगळे जेवायला आले. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वरण, वांग्याची भाजी, वरून तुपाची धार. आणि ज्यांच्यासाठी नवस होता त्या आम्ही दोघांनी मिळून एका रोडग्याचा कोपरा खाल्ला. वाढणारे रुसले. सासूबाई म्हणाल्या, देवाला पोहोचलं, बस झालं.

गाडी अडली ती काट्यावर.

गोष्ट ऑपरेशनच्या आधीची. इथल्या डॉक्टरांना नागपूरला चिठ्ठी द्यायची होती आणि तीत वजन लिहायचं होतं. ह्यांचं वजन दवाखान्यातल्या काट्यावर झालं. मी उभी राहिले तर काटा टोकाला जाऊन टेकला. डॉक्टर भला माणूस, त्यानं खाली मान घालून सांगितलं की कापसाच्या जिनिंगमध्ये मोठा काटा आहे, तिथं करून या. तिथले मॅनेजर ह्यांचे मित्र. कापसाच्या गाड्या लागायच्या आत आम्ही सकाळीच गेलो, पण हमाल आमच्याही आधी आलेले होते. शेतकऱ्याला लांबून दिसावा म्हणून तिथला आकडा वर भिंतीवर असतो, लालभडक. मी चपला काढून काट्यावर चढले आणि माझं वजन साऱ्या आवारानं वाचलं. कोणी हसलं नाही, तेच जास्त झोंबलं. मग मीच वळून म्हटलं, "पाह्यलं ना सगळ्यायनं? आता भाव सांगा." तेव्हा सगळे हसले आणि मीही हसले. घरी आल्यावर न्हाणीत नळ सोडून पोटभर रडले. तोवर ऑपरेशनचं माझं हो-नाही चाललं होतं. त्या दिवशी मी हो म्हटलं.

हे सगळं मी सविस्तर लिहिलं, पण सासूबाईंसमोर वाचण्याआधी आम्ही कागद एकमेकांना दाखवले. ह्यांच्या कागदावर त्या दिवसाबद्दल एकच ओळ होती : 'आवश्यक त्या तपासण्या पूर्ण झाल्या.' मी विचारलं, काटा कुठं गेला? म्हणाले, तो नको, तुझंही पान काढून टाक.

"आपल्याले याच गावात राहाचं हाये," हे म्हणाले. "लोकं तुले हसतीन."

"हसू द्या. वजन माहं होतं."

त्यांनी ऐकलं नाही, मीही ऐकलं नाही. ते पान गेलं तर माझं नावही काढा, असं मी सांगून टाकलं, आणि ते नुसतं रागाच्या भरात नव्हतं. ज्या क्षणानं मला ऑपरेशनच्या टेबलावर नेलं तोच गाळून, आलेल्या बायकांना मी काय सांगणार होते? छापखान्यातून फोन यायचे, हे उद्या-परवा करायचे. घरात बोलणं बंद आणि लिहिणंही बंद.

शेवटी मी ठरवलं की बाकीची प्रकरणं जशी वाचली तसंच हेही वाचायचं. सासूबाई मेथी निवडत होत्या, हे पेपर धरून बसले होते. मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. जिनिंगचं आम्ही सासूबाईंना कधी सांगितलंच नव्हतं. त्यांचा हात जुडीवरच थांबला. माझं वाचून झालं तशी त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"तू कुठी होता तवा?"

"बाजूलेच होतो."

"मंग तू काहून नाही चढला तिच्यासंगं?"

हे म्हणाले, माझं वजन दवाखान्यात झालं होतं. ते मी नाही विचारलं, असं सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या. हे उठून बाहेर गेले. खरं सांगते, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. हे माझी लाज झाकताहेत असंच मी इतके दिवस समजत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी ह्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. त्यात क्षुधा नव्हती, मंदावणं नव्हतं. लिहिलं होतं : 'माझं वजन दवाखान्याच्या काट्यावर मावलं, म्हणून मी सुटलो. ती कापसाच्या काट्यावर उभी होती तेव्हा मी तिच्या चपला हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा होतो. हमालांमध्ये माझ्या विद्यार्थ्यांचे वडील होते. मलाही चढता आलं असतं, म्हणजे दोघांचा आकडा एकत्र दिसला असता आणि तिचा एकटीचा कोणाच्या लक्षात राहिला नसता. मी चढलो नाही.'

मला राग यायला हवा होता. आला नाही, ऊर भरून आला. किलो तर आम्ही दोघांनी उतरवले, पण त्यात अर्धा हात डॉक्टरांचा. हा कागद ह्यांनी एकट्यानं लिहिला. ज्या गावात पोरं ह्यांना वाकून नमस्कार करतात, त्याच गावात विकायच्या पुस्तकात लिहिला. त्यातलं एक अक्षरही मी बदलू दिलं नाही. माझ्या पानासमोर ह्यांचं पान, असं ते छापलं गेलं.

प्रकाशन वाचनालयाच्या हॉलमध्ये झालं. ह्यांनी रोडग्याचं प्रकरण वाचायचं ठरलं होतं, लोक हसतील म्हणून. पुढच्या रांगेत जिनिंगचे मॅनेजर, मागे शाळेची पोरं, कितीतरी जणांचे आईबापही आलेले. हे उभे राहिले आणि ह्यांनी आपलं ते पान उघडलं. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्या समोर पाहत होत्या. ह्यांचा आवाज कुठंच खाली आला नाही. शेवटचं वाक्य तर ह्यांनी मागच्या भिंतीपर्यंत जाईल असं वाचलं.

हे खाली आले तेव्हा सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "आता चढला तू."

हे आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसले. चारचौघांत मी कधी ह्यांचा हात धरला नव्हता. तो धरला, आणि आभारप्रदर्शन संपेपर्यंत सोडला नाही.